छत्तीस दिवस

पुण्यात क्रीडा व्यवस्थापन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या गटाने कोरोनामुळे कॉलेज फुटबॉलचा शरदातला मोसम पुढे ढकलला आणि सप्टेंबरमध्ये स्वतःचाच निर्णय फिरवला. तो ट्रम्पनी फिरवला, पैशाने की डॉक्टरांनी? आणि डॉक्टरांचं मत महिन्याभरात खरंच बदललं, की बदलायला लावलं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे मी होते. मी मिरजेत फिजिओथेरपी शिकले आणि गेली बरीच वर्षं इकडे मिडवेस्टमध्ये एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. ट्रेनर म्हटल्यावर आपल्याकडे जिममधला शिट्टीवाला डोळ्यासमोर येतो. इथे तसं नाही. घोट्याला टेप बांधण्यापासून ते डोक्याला मार बसलेल्या मुलाला ‘आज तू परत मैदानात जायचं नाहीस’ असं प्रशिक्षकाच्या देखत सांगण्यापर्यंत सगळं आमच्याकडे. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, अजून पगार तिथूनच येतो.

तर, डॉक्टरांचं मत बदललं, आणि कुणी त्यांचं मनगट पिरगाळून बदलायला लावलं नाही. बदलला तो त्यांना विचारलेला प्रश्न. ऑगस्टमध्ये विचारलं गेलं, ‘खेळणं सुरक्षित आहे का?’ याला कुठलाही प्रामाणिक डॉक्टर ‘नाही’ म्हणणार. सप्टेंबरमध्ये विचारलं गेलं, ‘काय काय केलं तर खेळता येईल?’ याची कुठलाही हुशार डॉक्टर यादी करून देणार. दिली. पहिल्या प्रश्नावरून सगळे दुसऱ्यावर कसे सरकले, ती गोष्ट राजकारणाची. त्यात ट्रम्प आहेत, पैसा आहे, चिडलेले पालक आहेत, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार म्हणजे शेजारच्यांनी खेळ बंद केलाच नाही, ही गोष्ट आहे.

आधी हे फुटबॉल कोणतं ते सांगून टाकते. सॉकर नव्हे. हेल्मेट घालून, चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्याने आडवं पाडायचं, तो खेळ. एका संघात शंभरेक मुलं. समोरासमोर गुडघ्यावर बसून एकमेकांच्या तोंडावर फुरफुरत असतात. श्वासातून पसरणाऱ्या रोगासाठी कुणी मुद्दाम खेळ शोधायला बसलं असतं तर याहून बरा सापडला नसता.

आणि हा खेळ इथे विद्यापीठांचा सर्वांत मोठा धंदा आहे. अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम १,०७,६०१ माणसांचं आहे. बहुतांश राज्यांत सरकारी नोकरांमध्ये सर्वांत जास्त पगार राज्यपालाला नसतो, कुलगुरूला नसतो (त्यांना इथे अध्यक्ष म्हणतात, पण या उत्तरात अध्यक्ष एकच बरा, म्हणून मी कुलगुरूच म्हणते), तो फुटबॉलच्या किंवा बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला असतो. बिग टेनकडून प्रत्येक विद्यापीठाच्या वाट्याला त्या काळात वर्षाला पाच कोटी डॉलरच्या वर येत होते, मुख्यतः टीव्हीच्या हक्कांतून. त्यावर पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, सगळ्यांचा संसार चालतो. खेळणाऱ्याला मात्र तेव्हा शिष्यवृत्ती, राहणं-खाणं आणि थोडा वरखर्च एवढंच मिळायचं. तो ‘विद्यार्थी-खेळाडू’. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मालकीची गोष्ट, कारण बाहेरून बघणाऱ्याची चूक हमखास इथे होते. १२ मार्च २०२० ला एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेने बास्केटबॉलची मोठी स्पर्धा एका फटक्यात रद्द केली. आदल्याच रात्री एनबीए, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलची लीग, थांबली होती. लोकांना वाटलं, फुटबॉलचं पण एनसीएएच ठरवेल. पण ती तसं करू शकत नव्हती. १९८४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून पैसा कॉन्फरन्सकडे गेला, आणि पैशामागून सत्ता गेली. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचे प्रादेशिक गट. सर्वोच्च पातळीच्या फुटबॉलचं अजिंक्यपदसुद्धा एनसीएएचं नाही, या गटांचं आहे. त्या ऑगस्टमध्ये एनसीएएचे प्रमुख मार्क एमर्ट यांनी सांगितलं की शरदातल्या आमच्या राष्ट्रीय स्पर्धा होणार नाहीत. व्हॉलीबॉल, सॉकर, हॉकी सगळं गेलं. मोठं फुटबॉल तेवढं त्या वाक्यातून वगळलेलं, कारण ते त्यांच्या हातातच नव्हतं.

म्हणजे देशावर एक साथ आली आणि फुटबॉलला एकही घरचा मोठा नव्हता. पाच बड्या कॉन्फरन्स, पाच आयुक्त, पन्नासाच्या वर कुलगुरू, तितकेच राज्यपालांचे मूड. प्रत्येकाची नजर शेजाऱ्यावर.

बिग टेन म्हणजे मिडवेस्टचा गट. नाव दहाचं, तेव्हा सभासद चौदा, आता अठरा. इथे गणिताच्या विद्यापीठांनाही याची लाज वाटत नाही. ५ ऑगस्टला त्यांनी दहा सामन्यांचं वेळापत्रक जाहीर केलं आणि सहा दिवसांनी, ११ ऑगस्टला, शरदातला सगळा मोसम पुढे ढकलला. त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्याच्या पॅक-१२ ने पण. दक्षिणेची एसईसी, एसीसी आणि मधली बिग १२ यांनी मात्र सांगितलं, आम्ही खेळणार.

त्या सहा दिवसांत काय झालं? वैद्यकीय बाजूने सांगायचं तर हृदय. कोरोना होऊन गेलेल्या काही तरुण खेळाडूंच्या हृदयाच्या स्नायूला सूज दिसत होती, मायोकार्डायटिस. खेळाडूंच्या अचानक मृत्यूमागे जी कारणं असतात त्यांतलं हे एक, म्हणून आमच्या पेशात या शब्दाला भितात. किती जणांना होतं, किती दिवस राहतं, काहीच ठाऊक नव्हतं. त्यातून चाचण्यांची बोंब. पीसीआरचा निकाल यायला कधी दोन दिवस, कधी पाच. बुधवारचा नमुना, निकाल रविवारी, सामना शनिवारी. म्हणजे चाचणी केली काय नि न केली काय. मिशिगनचे कुलगुरू मार्क श्लिसेल प्रतिकारशक्तिशास्त्रातले डॉक्टर, मिशिगन स्टेटचे सॅम्युएल स्टॅन्ली संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर. अशांसमोर ‘सुरक्षित आहे का’ हा प्रश्न ठेवल्यावर दुसरं काय उत्तर येणार होतं? माझ्या मते ११ ऑगस्टचा निर्णय त्या दिवशीच्या माहितीवर बरोबर होता.

तो सांगितला मात्र भयंकर वाईट पद्धतीने. आयुक्त केव्हिन वॉरन जानेवारीतच खुर्चीत बसलेले. मतदान झालं का, किती विरुद्ध किती, काही सांगेनात. मिनेसोटाच्या कुलगुरू म्हणाल्या, तसं मतदान असं झालं नाही. पेन स्टेटच्या क्रीडा संचालक म्हणाल्या, मतदान झालं की नाही हे मलाच स्पष्ट नाही. नेब्रास्काने तर आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की तुम्ही नाही खेळलात तर आम्ही दुसरीकडे खेळायला जाऊ. १९ ऑगस्टला वॉरननी खुलं पत्र लिहिलं, निर्णयाचा फेरविचार होणार नाही. आणि त्यांचा स्वतःचा मुलगा एसईसीतल्या मिसिसिपी स्टेटकडून खेळत होता! हे लोकांच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार. ‘आपला तो बाब्या’ ही म्हण ओहायोत नाही, पण भावना तीच.

मग सुरू झाला तो गदारोळ. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) जस्टिन फील्ड्स याने ऑनलाइन अर्ज टाकला, तीन लाखांच्या वर सह्या पडल्या. खेळाडूंचे आईवडील रोझमाँटला बिग टेनच्या कचेरीसमोर जाऊन उभे राहिले. नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी कोर्टात दावा लावला. त्याच्या आधीच, १० ऑगस्टच्या सुमाराला, एसीसीतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या ट्रेव्हर लॉरेन्सने आणि इतरांनी ‘आम्हाला खेळायचंय’ अशी मोहीम काढली होती, ट्रम्पनी ती उचलून धरली.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी बातम्यांत हरवली. लॉरेन्सच्या मोहिमेआधी आठवडाभर पॅक-१२ च्या खेळाडूंनी वेगळं पत्रक काढलं होतं: आरोग्याची हमी द्या, उत्पन्नात वाटा द्या, नाहीतर खेळणार नाही. नंतर दोन्ही गट एकत्र आले आणि संयुक्त निवेदनात शेवटची मागणी होती खेळाडूंच्या संघटनेची. राजकारण्यांनी पहिली ओळ, ‘खेळायचंय’, छातीशी धरली. शेवटची ओळ कुणी वाचली नाही. मुलं म्हणत होती, खेळायचंय, पण आम्हाला विचारून.

विचारण्याची पद्धत कशी होती ते सांगते. जूनमध्ये मुलं सरावाला परतली तेव्हा काही विद्यापीठांनी त्यांच्याकडून कागदांवर सह्या घेतल्या. ओहायो स्टेटच्या कागदाला प्रतिज्ञा म्हणायचे. काही ठिकाणी सरळ ‘काही झालं तर विद्यापीठ जबाबदार नाही’ असा मजकूर होता. सिनेटर बुकर आणि ब्लूमेंथल यांनी आवाज उठवला आणि ऑगस्टमध्ये एनसीएएने अशा सह्या सक्तीने घेण्यावर बंदी घातली. अठरा वर्षांचं पोर, घरातलं पहिलंच कॉलेजात आलेलं, शिष्यवृत्तीवर. त्याच्यापुढे कागद सरकवल्यावर ते सही न करता उठेल का?

आता ट्रम्प. निवडणूक ३ नोव्हेंबरला. बिग टेनची राज्यं बघा: मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, आयोवा, मिनेसोटा. २०१६ ला मिशिगन त्यांनी १०,७०४ मतांनी जिंकलं होतं. वरचा स्टेडियमचा आकडा आठवा, आघाडीच्या दहापट माणसं एका शनिवारी तिथे बसतात. १ सप्टेंबरला त्यांनी वॉरनना फोन केला आणि ट्विट केलं की आता एक यार्डच राहिलाय, म्हणजे काम होतच आलंय. मग मिशिगन, इलिनॉय आणि मेरिलँडच्या राज्यपालांना खोडा घालणारे म्हणून नावं ठेवली. मेरिलँडचे राज्यपाल त्यांच्याच पक्षाचे होते, पण असो. सहा राज्यांतल्या रिपब्लिकन आमदारांनी बिग टेनला पत्र पाठवलं. बायडेन यांच्या बाजूनेही रिकाम्या स्टेडियमच्या जाहिराती दाखवल्या, की बघा, साथ हाताळता आली नाही म्हणून ही अवस्था. रिकाम्या खुर्च्या दोघांनाही हव्या होत्या, एकाला भरून दाखवायला आणि दुसऱ्याला बोट दाखवायला.

फोनचा परिणाम किती? माझं मत: थोडा, आणि थोडासा उलटाच. विद्यापीठांचे कुलगुरू हे एकंदर ट्रम्पना मानणारे लोक नव्हेत, त्यांच्या फोनवर निर्णय फिरला असं दिसणं त्यांना परवडणारं नव्हतं. नॉर्थवेस्टर्नचे मॉर्टन शापिरो तेव्हा बिग टेनच्या कुलगुरूंच्या परिषदेचे प्रमुख. नंतर त्यांनी आवर्जून सांगितलं की राजकारण नाही, पैसा नाही, खटले नाहीत, डॉक्टरांचं एकमत झालं म्हणून. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण डॉक्टरांना पुन्हा बोलवायला कुणी लावलं, हे ते सांगत नव्हते.

लावलं ते टीव्हीने. १२ सप्टेंबरच्या शनिवारी एसीसी आणि बिग १२ च्या संघांनी खेळ सुरू केला. तुम्ही घरी बसलायत, तुमचा मुलगा घरी बसलाय, आणि पडद्यावर शेजारच्या इंडियानातलं, त्या वर्षी एसीसीत खेळणारं नोटर डेम विद्यापीठ खेळतंय. ओहायोत त्या शनिवारी काय वातावरण होतं ते मी फोनवर ऐकलं, छापण्यासारखं नाही. पुढच्या बुधवारी, १६ सप्टेंबरला, निर्णय फिरला. एकमताने.

मधल्या काळात वैद्यकीय पातळीवर खरोखर बदललेली गोष्ट एकच, पण ती मोठी. झटपट अँटिजेन चाचणी. पंधरा मिनिटांत निकाल, स्वस्त, हवी तितकी. पॅक-१२ ने ३ सप्टेंबरलाच क्विडेल कंपनीशी करार केला होता. बिग टेनने पुढे कोलोरॅडोच्या बायोडेसिक्सला काम दिलं आणि खर्च स्वतः उचलला. खेळ परत कसा सुरू करायचा हे बघायला बिग टेनने नेमलेल्या समितीच्या वैद्यकीय गटाच्या प्रमुखांपैकी एक होते ओहायो स्टेटचे संघ-डॉक्टर जिम बोर्चर्स. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: रोज सकाळी प्रत्येकाची चाचणी केली तर संसर्ग झालेला मुलगा मैदानावर पोचायच्या आत सापडेल. पॉझिटिव्ह आला तर २१ दिवस बाहेर, आणि परत यायच्या आधी हृदयाचा एमआरआय. संघातला पॉझिटिव्ह दर आठवड्याच्या सरासरीने पाच टक्क्यांच्या वर गेला, शिवाय चाचणी होणाऱ्या एकूण मंडळींचा साडेसात टक्क्यांच्या वर, तर सात दिवस सगळं बंद. २१ दिवस म्हणजे नऊ आठवड्यांच्या मोसमातले तीन सामने. इतका कडक नियम दुसऱ्या बड्या गटांत नव्हता.

गंमत बघा. ११ सप्टेंबरला ओहायो स्टेटच्याच संशोधकांचा निबंध आला, कोरोना झालेल्या २६ खेळाडूंपैकी चौघांच्या हृदयात सूज. पंधरा टक्के! ऑगस्टमध्ये हा आकडा आला असता तर मोसमाच्या शवपेटीवरचा खिळा ठरला असता. सप्टेंबरमध्ये तोच आकडा एमआरआयच्या नियमाचा आधार ठरला. आकडा तोच, प्रश्न वेगळा.

(आमच्या ट्रेनिंग रूममध्ये त्या निबंधावर दोन तट पडले. तुलनेसाठी कोरोना न झालेले खेळाडू घेतलेलेच नाहीत, एरवीही इतक्या जोराने व्यायाम करणाऱ्या मुलांच्या हृदयात काय काय दिसतं कुणास ठाऊक, असं माझं म्हणणं. माझ्या वरिष्ठ डॉक्टरांचं म्हणणं, चार म्हणजे चार, त्यातला एक आपला असला तर? दोघांचंही बरोबर होतं. २०२१ मध्ये बिग टेनचाच मोठा अभ्यास आला, एमआरआय केलेले १,५९७ खेळाडू, सूज ३७ जणांना, म्हणजे २.३ टक्के. त्यातल्या बऱ्याच जणांना काही लक्षणंच नव्हती, एमआरआय केला नसता तर सापडलेही नसते.)

३० सप्टेंबरपासून रोजची चाचणी. पहाटे साडेपाचला आमच्या बंदिस्त मैदानावर मुलं सहा-सहा फुटांवरच्या पट्ट्यांवर उभी, डोळे अर्धे मिटलेले. आम्ही गाऊन, दोन मास्क, चष्म्यावर वाफ. नाकात काडी फिरवून मुलगा बाजूच्या खुर्चीवर बसायचा आणि पंधरा मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. एवढी धिप्पाड मुलं, आणि दहावीच्या निकालाच्या सकाळी बसावीत तशी. एक दिवस एका मुलाचा निकाल पॉझिटिव्ह आला. पीसीआर खात्री करेपर्यंत त्याला वेगळ्या खोलीत नेलं. त्याचे वडील नऊ तास गाडी चालवून सामन्याला निघालेले, रस्त्यात. पीसीआर निगेटिव्ह आला, पण वडील तोवर अर्ध्या वाटेवरून माघारी वळले होते. अँटिजेन चाचणीत खोटे पॉझिटिव्ह येतात हे आम्हाला माहीत होतं, कागदावर त्याला टक्केवारी असते.

त्याच आठवड्यांत आमच्या वसतिगृहात राहणाऱ्या साध्या विद्यार्थ्याला चाचणीसाठी तीन-तीन दिवस थांबावं लागत होतं. इतिहास शिकणाऱ्या मुलीला घसा दुखतोय तर रांग, आणि आमच्या संघातल्या कधीच मैदानात न उतरणाऱ्या चौथ्या फळीतल्या मुलाला रोज सकाळी चाचणी. आमच्या खात्यातल्या लोकांचे पगार कापले गेले होते, काहींना बिनपगारी रजेवर पाठवलेलं, आणि चाचणीच्या खोक्यांचे ढीग छतापर्यंत. मी या यंत्रणेचाच भाग होते, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

हा दुटप्पीपणा आमच्यापुरता नव्हता. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने चॅपेल हिलला वर्ग सुरू केले आणि आठवड्यात, १७ ऑगस्टला, पदवीचे सगळे वर्ग ऑनलाइन नेले. विद्यार्थी सामान बांधून घरी. फुटबॉलचा संघ तिथेच, सराव चालू. विस्कॉन्सिनने ९ सप्टेंबरला दोन वसतिगृहं क्वारंटाइन केली, आठवड्याने त्यांच्या कुलगुरूंनी फुटबॉलसाठी हात वर केला. २० ऑक्टोबरला अ‍ॅन आर्बरच्या जिल्हा आरोग्य खात्याने मिशिगनच्या पदवी विद्यार्थ्यांना दोन आठवडे घरात राहण्याचा हुकूम काढला, विद्यापीठाच्या क्रीडासंघांना त्यातून सूट. चार दिवसांनी संघ विमानाने मिनेसोटाला जाऊन खेळला.

तर मग ही मुलं विद्यार्थी होती का? विद्यार्थ्यांना घरी पाठवलं तेव्हा ती थांबली. कामगार म्हणावं तर पगार नाही. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी संघटना बांधायचा प्रयत्न केला होता. कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी मानलं, वरच्या मंडळाने २०१५ मध्ये ‘हा विषय आम्ही हाताळत नाही’ म्हणून हात झटकले. २०२० च्या शरदाने जे कोर्टात सिद्ध झालं नव्हतं ते टीव्हीवर दाखवलं. जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, आणि २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली. हे सगळं कोरोनामुळे झालं असं मी म्हणणार नाही, खटले आधीपासून चालू होते. पण ‘ही फक्त शिकणारी मुलं आहेत’ हे तोंड वर करून सांगण्याची सोय २०२० नंतर कमी झाली.

तुम्ही आयपीएलशी तुलना केली तर काळजी घ्या. आयपीएल १९ सप्टेंबरला अमिरातीत सुरू झाली, बिग टेनच्या फेरनिर्णयानंतर तीनच दिवसांनी. पण ते व्यावसायिक, करार केलेले, हॉटेलात कोंडून घेतलेले. आमच्या मुलांचं बबल म्हणजे चौघांनी मिळून घेतलेलं भाड्याचं घर आणि त्यातल्या एकाची मैत्रीण. जवळची तुलना हवी असेल तर आपल्याकडची त्याच ऑगस्टमधली बघा: अंतिम वर्षाच्या परीक्षा. राज्य सरकार म्हणतंय नको, युजीसी म्हणतंय घ्या, आणि २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही, फार तर मुदत वाढवून मागा. माझी भाची त्या वर्षी शेवटच्या वर्षाला होती. रात्री फोनवर ती मला विचारायची, ‘मावशी, आमचं कोण ठरवणार?’ आणि सकाळी तोच प्रश्न इंग्रजीत.

मोसम कसा गेला ते पटकन सांगते. २३ ऑक्टोबरला विस्कॉन्सिन-इलिनॉयने सुरुवात झाली. विस्कॉन्सिनचा क्वार्टरबॅक झकास खेळला, पॉझिटिव्ह आला, त्यांचे पुढचे दोन सामने रद्द. दक्षिणेत फ्लोरिडाचे प्रशिक्षक डॅन मलन एक सामना हरल्यावर म्हणाले, स्टेडियम पूर्ण भरू द्या. आठवडाभरात त्यांच्या संघात उद्रेक, सामना पुढे, आणि ते स्वतः पॉझिटिव्ह. लुइझियाना स्टेटच्या (एलएसयू) प्रशिक्षकांनी तर आमच्या बहुतेक मुलांना होऊन गेलाय असं मोकळेपणाने सांगितलं होतं, जणू कांजिण्या. मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचा सामना १९१७ नंतर पहिल्यांदाच झाला नाही. अंतिम सामन्यासाठी किमान सहा सामने हवेत असा बिग टेनचा नियम होता, ओहायो स्टेटचे पाचच झाले, तेव्हा ९ डिसेंबरला नियमच काढून टाकला. ११ जानेवारीला ते राष्ट्रीय अंतिम फेरीत अलाबामाकडून ५२-२४ असे हरले. ट्रम्पनी २९ सप्टेंबरच्या क्लीव्हलंडच्या वादसभेत ‘बिग टेन फुटबॉल मीच परत आणलं’ असं सांगितलं होतं. ओहायो आणि आयोवा त्यांना मिळालं. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया गेलं.

कुलगुरूंनी डॉक्टरांना न विचारलेला एक तिसरा प्रश्न होता, तो ऑक्टोबरमध्ये बिग टेनच्या बहुतेक गावांच्या महापौरांनी विचारला: आमच्या गावाचं काय? स्टेडियम रिकामं असलं तरी बार भरतात, अंगणात टीव्ही लावून चाळीस माणसं जमतात. गावातला संसर्ग बघून सामन्याचं ठरवा, संध्याकाळचे सामने कमी ठेवा, एवढंच त्यांचं मागणं. बिग टेनच्या आकड्यांत ‘एकूण मंडळी’ म्हणजे चाचणी होणारे खेळाडू आणि कर्मचारी, गाव नव्हे. ७ नोव्हेंबरला नोटर डेमने क्लेमसनला हरवलं आणि विद्यार्थी हजारोंनी मैदानावर उतरले तेव्हा मी टीव्ही बंद केला.

तुमच्या प्रबंधासाठी एक सुचवते. ट्रम्पवर एक पान पुरे. नेब्रास्काच्या त्या आठ मुलांच्या दाव्यावर मात्र प्रकरण लिहा. ११ ऑगस्टचं मतदान ११ विरुद्ध ३ होतं, ‘खेळू द्या’ म्हणणारे तिघे म्हणजे नेब्रास्का, आयोवा आणि ओहायो स्टेट, हे जगाला कळलं ते ३१ ऑगस्टला, त्या दाव्याच्या उत्तरात बिग टेनला कोर्टात लिहून द्यावं लागलं तेव्हा. तोवर वीस दिवस आम्ही रोज सकाळी त्या मुलांचे घोटे बांधत होतो आणि ती विचारत होती, ‘आपल्या कुलगुरूंनी काय मत दिलं?’ आम्हालाही माहीत नव्हतं.